नातवाच्या वजनाचा गूळ

बिराप्पा तासगावच्या बाजारातून परतले की खिल्लारमाळावरच्या त्यांच्या घरात दोन आवाज हमखास व्हायचे. पहिला पिशवीतल्या पाकिटांच्या चुरचुरण्याचा आणि दुसरा सूनबाईंनी कपाळाला हात लावल्याचा. कपाळाला हात लावल्याचा कधी आवाज होतो का, असं तुम्ही म्हणाल. पण पल्लवीच्या बांगड्या अशा काही वाजायच्या की गोठ्यातल्या म्हशीलाही कळायचं, आबा खाऊ घेऊन आले.

त्या दिवशीही पिशवीतून मसाल्याची पाकिटं निघाली, क्रीमची बिस्किटं निघाली आणि शेवटी आंब्याच्या रंगाच्या पेयाची भली मोठी बाटली निघाली. त्यात आंबा किती होता, ते बाटली भरणाऱ्यालाच ठाऊक. दहा वर्षांचा मल्हार ओसरीवर टपूनच बसला होता.

“मामा, पुन्हा आणलासा?” पल्लवी म्हणाली. “डॉक्टरांनी काय सांगितलंय ते इसरलासा व्हय?”

“यात्रा तोंडावर आलीया,” बिराप्पा पटका खुंटीला अडकवत म्हणाले. “पोराला जरा अंग धराय नगं का?”

आता हे अंग धरण्याचं प्रकरण काय, ते सांगायलाच हवं. मल्हार जन्मला तो वेळेच्या बराच आधी, ओंजळीत मावेल एवढा. सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता त्याला. जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला हा त्याचा दांडगा आजा त्या पेटीसमोर लहान मुलासारखा रडला, आणि गावी येऊन अनवाणी पायांनी बिरोबापुढं उभा राहिला. “देवा, पोर जगू दे. बारा वर्षांचा होईस्तवर दर यात्रेला त्याच्या वजनाचा गूळ वाटीन!” असा नवस बोलला.

पोर जगलं. पहिल्या यात्रेला देवळापुढच्या लिंबाला तराजू टांगला, एका पारड्यात मल्हार आणि दुसऱ्यात गुळाची एकुलती एक छोटी ढेप. तेवढ्यातच दोन्ही पारडी समोरासमोर आली! बिराप्पा साऱ्या गावादेखत पुन्हा रडले, आणि ते रडणं अगदी खरं होतं.

पण पुढं नवसात अभिमान शिरला. दर यात्रेला ढेपा वाढायच्या आणि लोक विचारायचे, “बिराप्पा, यंदा किती रं?” ढेप वाढली म्हणजे नातू वाढला, असा एक हिशेब म्हाताऱ्याच्या डोक्यात पक्का बसला. मग ताक-भाकरीनं पारडं सावकाश हलतं म्हणून पाकिटं आली, बाटल्या आल्या. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मल्हारला सांगलीला पाठवलं. तिथं कळलं की वजन वयाच्या मानानं फार जास्त आहे, यकृतावर चरबी चढू लागली आहे, आत्ताच आवरा. बिराप्पांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. डॉक्टर लोकांना माणसाची हाडं दिसली तरच बरं वाटतं, असं त्यांचं मत होतं.

मल्हारला मात्र वेगळंच वेड होतं. त्याला गजीनृत्यात नाचायचं होतं. गावच्या ढोलवाल्या आकारामनं थाप टाकली की पांढरा झगा, डोईला पटका, हातात रुमाल घेऊन गडी गोल धरतात, आधी संथ आणि मग वाऱ्यासारखे फिरतात, त्यात त्याला आपल्या आज्यासारखं नाचायचं होतं. तालमीला तो न चुकता जायचा आणि दोन फेऱ्या झाल्या की धापा टाकत कडेला बसायचा.

पल्लवी नुसती सूनबाई नव्हती, ती गावची सरपंचही होती. बाई सरपंच झाली म्हणजे नवरा खुर्चीत बसणार आणि ही चहा करणार, असा काहींचा अंदाज होता. पण नवरा सूरज शिरवळच्या कारखान्यात, आणि पल्लवीला तर स्वतःच खुर्चीत बसायची आवड! यात्रेच्या पंधरवडाभर आधी तिनं ग्रामसभेत एक ठराव मांडला. यात्रेत दुकान मांडणाऱ्यांकडून पंचायत जागेची पावती फाडतेच. यंदा गोड पेयाच्या बाटल्या आणि चुरचुरीत पाकिटं विकणाऱ्यांची पावती चौपट करायची. ताक, शेंगा, पेरू, द्राक्षं विकणाऱ्यांना साफ माफ करायची. जमेल त्या पैशातून शाळेच्या मैदानातले दगड काढायचे आणि प्यायच्या पाण्याची टाकी बसवायची.

सभेत एकदम कालवा झाला. आप्पासो तरातरा उठले. देवळाच्या कमानीजवळचा थंड पेयाचा गाडा त्यांचा.

“सरपंच, मी काय दारू इकतोय? पोरं पित्यात, खूश हुत्यात. माझ्या प्वाटावर का उठलासा?”

आणि त्यांच्या मागोमाग कोण उठावं? खुद्द सरपंचांचे सासरे!

“ज्याचं त्याचं त्वांड, ज्याचं त्याचं प्वाट!” बिराप्पा गरजले. “सरकारनं आमच्या ताटात डोकवायचं काय कारन? उद्या म्हनशीला, भाकरी दोनच खावा, तिसरीला पावती!”

सभा खो खो हसली. पल्लवीही हसली, पण जागची हलली नाही.

“मामा, बंदी कुठं घालतोय आपण? ज्याला प्यायचंय त्यानं खुशाल प्यावं. पण आज यात्रेत ताकाचा ग्लास हुडकाय लागतो आणि बाटली मात्र हाताला आपसूक येती. पोरांना आवडतं म्हणून ती घेत्यात हे खरं, पण त्यांच्या वाटेत तेच तेवढं मांडलंय हेबी खरं. आपण फक्त मांडणी बदलाय बघतोय.”

“मग गुळाला बी लाव की पावती!” बिराप्पांनी ठेवणीतला बाण काढला. “त्यो बी ग्वाडच हाय न्हवं!”

पल्लवीनं ठरावाचा कागद घडी घालून खाली ठेवला. गूळ म्हणजे सासऱ्यांचा नवस, आणि नवस म्हणजे तिचंच पोर. सभेत त्याबद्दल ती काय बोलणार? “यात्रा हुंदे, मग बघू,” असं म्हणत लोक उठले आणि ठराव बारगळला. बिराप्पा जिंकले! त्या आनंदात त्यांनी येता येता मल्हारला आणखी एक बाटली घेतली. घरी पल्लवीनं नेहमीसारखी पहिली भाकरी त्यांच्याच ताटात वाढली, एका शब्दानंही कुरकुर केली नाही. ते मात्र त्यांना थोडं टोचलं.

यात्रेचा दिवस उजाडला. भंडाऱ्यानं माळ पिवळा झाला. ढोल गळ्यात अडकवता अडकवता आकारामनं विचारलं, “बिराप्पा, यंदा ढेप वाढनार का रं? का नातू वाळला?”

झालं! बिराप्पांनी मल्हारचा हात धरला आणि त्याला तडक आप्पासोंच्या गाड्यामागं नेलं. एक बाटली पाजली, वर पाकीट खायला लावलं, मग दुसरी बाटली उघडली.

“आबा, प्वाट भरलं,” मल्हार म्हणाला. “मला नाचायचंय आत्ता.”

“नाचायला ताकत लागती. पी गड्या, पारडं हलाय पायजे!”

मंडळी, ज्या देवाला अंतरातलं कळतं त्याच्या दारात, तराजूला फसवायला, स्वतःच्या नातवाला बाटली पाजणारा हा माणूस वाईट नव्हता हो. माया उतू चालली होती त्याची, आणि ती कुणीकडे वाहते आहे तेवढं त्याला दिसत नव्हतं.

मल्हार पारड्यात बसला. ढेपांवर ढेपा चढल्या. गेल्या वर्षीच्या सगळ्या झाल्या, वर एक वाढली, तीही पुरेना म्हणून आणखी एक आणली. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” लोकांनी भंडारा उधळला. बिराप्पांची छाती दोन हात पुढं आली.

मग ढोल घुमला. पांढऱ्या झग्यात मल्हार दुसऱ्या रांगेत उभा राहिला. पहिली फेरी छान झाली. रुमाल वर गेले, खाली आले, पाय बरोबर पडले. बिराप्पा शेजारच्याला कोपरानं ढोसून दाखवत होते, “त्यो बघ, त्यो आपला!” मग आकारामनं ताल वाढवला. मल्हारचा चेहरा लाल झाला, तोंड उघडं पडलं, पाय अडखळले. तो थांबला, मटकन खाली बसला आणि भडाभडा ओकला. पांढऱ्या झग्यावर आंब्याच्या रंगाचा ओघळ आला.

ढोल थांबला. तेवढ्यात गर्दीतून एक पोरगं खिदळलं, “आरं, गुळाची ढेप पडली!” आणि बरीच माणसं हसली.

बिराप्पा गर्दी तोडत धावले. नातवाला उचलायला खाली वाकले, पण तो उचलेना! आयुष्यभर लंगडी मेंढरं खांद्यावर टाकून मैलोगणती चाललेला गडी, त्याच्यानं आपलं दहा वर्षांचं लेकरू उचलेना. शेवटी यात्रेसाठी गावी आलेल्या सूरजनं आणि आकारामनं दोन्हीकडून धरून त्याला सावलीत नेलं. यात्रेतल्या डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण पोराला रोज अशीच धाप लागते का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

मल्हार रडत होता. “आबा,” तो म्हणाला, “मला जड व्हायचं न्हाई. मला नाचायचं हाय.”

त्या दिवशी बिराप्पांनी गूळ वाटला, पण एकाच्याही तोंडाकडं बघून वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेंढरांच्या वाड्यात, त्या कुंपणात जाऊन बसले. घरची द्राक्षबाग झाली तरी त्यांनी मोजकी मेंढरं राखली होती. सवयीनं ते एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांची बायको सुलाबाई मागून आल्या आणि शेजारी टेकल्या. या बाई बोलायच्या कमी, पण बोलल्या की बिराप्पांना पळायला जागा राहायची नाही.

“आवं, आपली पांढरी आटवतीया का? कऱ्हाडच्या अंगाला मेलेली?”

बिराप्पांनी मान हलवली. ती मेंढी कोण विसरेल? साऱ्या कळपात देखणी. चराईहून परतीच्या वाटेवर एका पहाटे ती दहिवरानं भिजलेल्या लसूणघासाच्या रानात शिरली, अधाशासारखी चरली आणि दुपारपर्यंत तिचं पोट ढोलासारखं फुगलं. नाना उपाय केले, पण वाचली नाही.

“ढोलावानी दिसाय लागली, तवा तुमी काय म्हनालासा? मेंढी धरली अंगानं, म्हनालासा का?”

“येडी का खुळी तू? फुगली हुती ती.”

“मंग नातवाला काय झालंय?”

बिराप्पा पुढच्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“आन त्या रानाचा मालक म्हनला, तुमच्या मेंढीनं एवढं खाल्लंच कशाला? तवा केवढं वरडलासा त्याच्यावर! मेंढीला काय कळतंय, बांधाला बाभळीच्या फांद्यांची काटी लावायचं तुला कळाय पायजे हुतं, म्हनालासा. दुसऱ्याच्या बांधाला काटी मागत हुतासा. आन आता आपली सून गावाच्या बांधाला काटी लावाय उठली, तर तुमीच ती उपटाय निघालासा!”

बिराप्पांचा हात मेंढीच्या पाठीवर तसाच थांबला. ते म्हणाले, “सुला, पाठीवरनं हात फिरवला की मेंढरू लठ्ठ हाय का फुगलंय, मी डोळं मिटून सांगतो. मल्हारच्या पाठीवरनं तर रोज हात फिरवतो गं. मला कसं कळलं न्हाई?”

“त्यो मायेचा हात हुता. मायेला न्हाईच कळत,” सुलाबाई म्हणाल्या. “म्हनून तर चार मानसांनी बसून नेम करायचा असतो.”

पुढच्या ग्रामसभेत पल्लवीनं तोच ठराव पुन्हा मांडला. आप्पासो पुन्हा उठले. बिराप्पाही उठले, आणि लोक मजा बघायला सरसावून बसले.

“माझा ठरावाला पाठिंबा हाय!”

आप्पासोंचा आ वासला. “आरं गड्या, तूच म्हनलास न्हवं का, ज्याचं त्याचं त्वांड?”

“म्हनलो हुतो. चुकलो!” बिराप्पा म्हणाले. “दहा वर्साच्या पोराचं त्वांड त्याचं एकट्याचं नसतंय. त्यात मी घालतो, तू घालतोस, त्यो पाकिटवाला घालतो. आमी मेंढपाळ मानसं. बांधाला बाभळीची काटी लावली म्हंजे काय वाट बंद हुती व्हय? जायाचं त्याला बाजूनं जाता येतंय. पन काटी बघून मेंढरू थबकतंय, तेवढ्यात धनगराचं ध्यान जातंय. ही पावती तशीच हाय. बाटली म्हाग झाली की पोरगं थबकंल, बापाकडं बघंल, बाप इचार करंल. माझ्या वाटंत आसली काटी आसती, तर मी यात्रंदिवशी नातवाला दोन बाटल्या पाजल्या नसत्या!”

सभेत कुणी हसलं नाही. मागून एकजण म्हणाला, “पन गरिबाला बाटली म्हाग पडंल त्याचं काय?”

“पडंल,” पल्लवी सरळ म्हणाली, “ते मी लपवत न्हाई. पण गरिबाला दवाखाना त्याहून महाग पडतो, आणि त्याची पावती कुणी माफ करत न्हाई. आपण एक महाग करतोय तर दुसरं स्वस्तबी करतोय. नुसतं महाग करून थांबलो, तर मात्र मला जाब विचारा.”

“आन मी काय करू?” आप्पासो रडवेले झाले. “गाडा वढ्यात ढकलू?”

“ताकाचा गाडा लाव की,” बायकांच्या बाजूनं सुलाबाईंचा आवाज आला. “घुसळाय येत नसंल तर घरला ये, मी शिकवती!”

सभा हसली, आप्पासोही हसले आणि हसता हसता हात वर झाले. ठराव पास!

बिराप्पांनी त्याच दिवशी घरातही एक पावती लागू केली. जो कोणी घरात पाकीट आणेल, त्यानं मेंढरांचा वाडा झाडायचा. दिवाळीला सूरज शिरवळहून आला तो चांगली मोठी पिशवी चुरचुरत. बिराप्पांनी काही न बोलता त्याच्या हातात खराटा दिला. शर्टाच्या बाह्या दुमडून सूरज लेंड्या झाडत होता आणि मल्हार कुंपणावर बसून हसत होता. पुढच्या खेपेला सूरजनं पेरू आणले.

मल्हार आज्याबरोबर रोज मेंढरांमागं माळावर जाऊ लागला. आधी आज्याच्या मागं राहायचा, मग बरोबरीनं आला, आणि उन्हाळ्यात तर आज्यालाच हाका मारू लागला, “आबा, चला की लवकर!”

पुन्हा यात्रा आली. कमानीजवळ आप्पासोंच्या गाड्यावर मडकी मांडलेली, ताकाला ही झुंबड! बाटल्या संपल्या होत्या असं नाही. कोपऱ्यात दोन गाडे होते आणि ज्यांना प्यायच्या ते पीत होते. पण पोरं थबकत होती, बापाकडं बघत होती, आणि बरीचशी मडक्याकडं वळत होती. आगाऊ फाडलेल्या पावत्यांच्या पैशातून शाळेचं मैदान सपाट झालं होतं.

लिंबाला तराजू टांगला. मल्हार पारड्यात बसला, चांगला वीतभर उंच झालेला. गेल्या वर्षीच्या तेवढ्याच ढेपा समोर चढल्या, आणि गुळाचं पारडं धपकन खाली बसलं. मल्हार वर!

माणसं एकमेकांकडं बघू लागली. आकारामच्या तोंडून गेलंच, “बिराप्पा, नातू हलका भरला की रं!”

बिराप्पा पुढं झाले. त्यांनी आपल्या हातानं पारड्यातली एक ढेप उचलली. दोन्ही पारडी समोरासमोर आली. मग ती ढेप डोक्यावर धरून ते असे ओरडले की माळापलीकडं ऐकू गेलं असेल, “व्हय! हलका भरला! बिरोबाच्या नावानं चांगभलं!”

भंडारा उडाला. बिराप्पा गर्दीतून वाट काढत पल्लवीपाशी गेले आणि ती ढेप त्यांनी तिच्या हातात ठेवली.

“ही नवसाची न्हवं, सूनबाई,” ते म्हणाले. “ही तुमच्या पावतीची.”

पल्लवीनं वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला आणि पदरानं डोळे पुसले. ती ढेप तिनं तिथंच फोडून शेंगदाण्यांबरोबर सगळ्या पोरांना वाटली, एकेकाला बोटाच्या पेराएवढा खडा.

तर बंधुभगिनींनो, आपल्या पोरांवर आपली माया आहे यात शंका नाही. पण नुसत्या मायेनं पोरं निरोगी राहत नाहीत. घरात नेम लागतो, आणि घराच्या नेमाला गावाची आणि सरकारची साथ लागते. अपायकारक खाण्यावर चार पैसे जास्त लावले आणि चांगलं खाणं त्यातून स्वस्त केलं, तर तो आपल्या ताटावरचा घाला नव्हे. ती आपणच आपल्या पोरांसाठी बांधाला लावलेली काटी आहे. तिला हात लावण्याआधी एकदा आपल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवून बघा!

आणि ते नाचाचं राहिलंच. आकारामनं ताल वाढवला, आणखी वाढवला, दोन मोठे गडी दमून बाहेर पडले. मल्हार शेवटच्या थापेपर्यंत गोलात होता, आणि त्याच्या शेजारी रुमाल उडवत त्याचा आबा.